पायांकडे बघ: बामाकोतल्या एका तालाचा प्रकरण अभ्यास

2011 च्या जानेवारीतला तिसरा रविवार. मालीची राजधानी बामाको, मेदिना कुरा वस्ती. लग्नघरासमोरचा रस्ता मांडव घालून बंद केलेला. लोखंडी खुर्च्यांचं रिंगण, खुर्च्यांवर नटूनथटून आलेल्या बायका आणि एका टोकाला चार वादक. त्या चौघांत साथीचा जेंबे, म्हणजे हातांनी वाजवायचा तिथला ढोल, माझ्या खांद्याला होता. ‘मान्जानिन’ हा ताल सुरू होऊन दोनेक मिनिटं झाली असतील. माझा हात चुकत नव्हता. टोन आणि स्लॅप हे जेंबेचे आवाज; टोनच्या जागी टोन पडत होता, स्लॅपच्या जागी स्लॅप, लयही सुटली नव्हती. तरी शेजारी कोंकोनी, म्हणजे काठीचा ढोल, वाजवणाऱ्याने माझ्याकडे वळून पाहिलं, मान हलवली आणि त्याची काठी जरा जोरात पडायला लागली. रिंगणात उतरलेली बाई चार पावलं नाचली, थबकली आणि परत खुर्चीवर जाऊन बसली.

मागे सोळा-सतरा वर्षांचा एक पोरगा उभा होता. त्याने आपला जेंबे पुढे घेतला, मी वाजवत होतो तीच साथ धरली आणि मला डोळ्यांनीच थांबायची खूण केली. मी हात उचलले. ताल क्षणभरही खंडला नाही. मिनिटाभरात दुसरी बाई उठून रिंगणात आली, मग तिसरी.

साथ तीच होती. टोन-स्लॅपचा क्रम तोच, वेग तोच. मग त्याच्या हातून निघाल्यावर बायका का उठल्या, आणि माझ्या हातून निघाली तेव्हा का बसल्या? हे सगळं प्रकरण एवढ्या एका प्रश्नाचं आहे. उत्तर सापडायला मला पाच आठवडे लागले. त्यातला बराचसा काळ मी चुकीच्या जागी बघत होतो.

मी काय घेऊन गेलो होतो

पुण्यात मी चौदा वर्षं तबला शिकलो. त्यानंतर एका कार्यशाळेत जेंबे हाती आला आणि सुटला नाही. बकऱ्याचं कातडं चढवलेलं, अखंड ओंडक्यातून कोरलेलं हे वाद्य दिसायला साधं आहे. मुख्य आवाज तीन. पंजा मध्यभागी टेकवून बेस, जुळलेली बोटं काठावर ठेवून टोन, तीच बोटं सैल सोडून स्लॅप. टोन आणि स्लॅप जवळपास एकाच जागेवर निघतात, फरक बोटांच्या ताणाचा आणि पंजाच्या कोनाचा. तबलजीला हे ऐकून लगेच समजतं, कारण चाट (तबल्याची कड) आणि लव (तिच्या आतला पट्टा) यांचं नातं त्याच्या बोटांत मुरलेलं असतं. आवाज मला महिन्याभरात जमले आणि तिथेच माझा गैरसमज सुरू झाला. मला वाटलं, आता फक्त ताल पाठ करायचे राहिलेत.

ते मी चौकटींवरून पाठ केले. कागदावर बारा घरं आखायची आणि ज्या घरात आघात, तिथे खूण करायची. जेंबे ज्या वाटेने जगभर गेला, तिच्यातच या चौकटी आल्या आहेत, म्हणून ती वाट थोडक्यात सांगतो. जेंबे मांदे लोकांचा: गिनीतले मालिंके, मालीतले बामाना आणि त्यांचे शेजारी. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला गिनीच्या केइता फोदेबा यांनी पॅरिसमध्ये नृत्यमंडळ उभारलं. 1958 मध्ये गिनी स्वतंत्र झाल्यावर ते देशाचं राष्ट्रीय बॅले झालं. गावात पीक निघाल्यावर, लग्नात, दीक्षाविधीत वाजणारे ताल या मंडळांनी रंगमंचासाठी बांधून घेतले. गिनीच्या हामाना भागातले जेंबेवादक फामुदू कोनाते पुढे या बॅलेत आले. बालांदुगू गावात 1950 साली जन्मलेले मामादी केइता चौदाव्या वर्षी ‘जोलिबा’ या दुसऱ्या राष्ट्रीय बॅलेत दाखल झाले, पुढे ब्रसेल्सला गेले आणि 1991 मध्ये त्यांनी शाळा काढली. 2021 मध्ये ते गेले. जगात आज जेंबे शिकवणारे बरेच लोक या दोघांपैकी एकाच्या परंपरेशी कुठे ना कुठे जोडलेले आढळतात. वर्गात पंचवीस जणांना एकदम शिकवायचं तर काहीतरी लिहून द्यावं लागतं. चौकटी त्या गरजेतून आल्या आणि त्या गरजेपुरत्या त्या चोख आहेत.

चौकटीतलं प्रत्येक घर सारख्या रुंदीचं असतं. हे वाक्य लक्षात असू द्या.

बामाको मी मुद्दाम निवडलं. गिनीच्या रंगमंचावर दोन-तीन जेंबे आणि तीन दुनुन, म्हणजे काठीने वाजवायचे ढोल, असा मोठा ताफा असतो. बामाकोच्या लग्नात तीन-चार जणांत भागतं: आघाडीचा जेंबे, साथीचा जेंबे आणि एक-दोन दुनुन. बामाकोत वाजणाऱ्या दुनुनच्या एका प्रकाराला कोंकोनी म्हणतात. लांबट, नळकांड्यासारखं पिंप खांद्याला आडवं अडकवायचं आणि काठीने वाजवायचं. माणसं कमी, म्हणून प्रत्येकाचा आवाज वेगळा ऐकू येतो. बघून शिकायचं तर यापेक्षा चांगली जागा नाही, असा माझा हिशोब होता, आणि तो बरोबर निघाला. चूक दुसरीकडे होती.

ज्यांच्याकडे उतरलो ते आघाडीचे वादक पन्नाशीचे होते. त्यांचं नाव इथे देत नाही. मी त्यांना ‘कोरोके’ म्हणायचो, म्हणजे दादा. ते जेली घराण्यातले नव्हते. कोरा, बालाफोन, न्गोनी ही वाद्यं जेलींची, म्हणजे पिढीजात गायक-भाटांची. जेंबे पूर्वापार नुमू, म्हणजे लोहार, कोरत आले, पण तो वाजवायला जन्माची अट नाही. जो तासन्‌तास उभा राहून वाजवू शकतो तो जेंबेफोला. ‘फो’ म्हणजे बोलणं, बोलतं करणं. आपणही तबल्याचे बोल म्हणतो, त्यामुळे हा शब्द मला पहिल्याच दिवशी आवडला.

रात्रीचा चहा

त्या रविवारी रात्री अंगणात कोळशाच्या शेगडीवर चहा चढला. तिथे हिरव्या चहाच्या तीन फेऱ्या होतात. पहिली कडू, पुढच्या दोन गोड होत जाणाऱ्या. दुसरी फेरी होईपर्यंत कोणी विषय काढला नाही. मग कोरोकेंनी विचारलं, “तू वाजवताना कुणाकडे बघत होतास?”

“तुमच्या हातांकडे.”

“आणि मी कुणाकडे बघत होतो?”

मला सांगता येईना. मी त्यांच्या डोळ्यांकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

“मी त्या बाईच्या पायांकडे बघत होतो. माझे हात तिच्या मागून चाललेत आणि तू माझ्या हातांच्या मागून. तुला ती दिसणार कधी? थेट पायांकडे बघ.” थोडं थांबून ते म्हणाले, “पुढच्या लग्नांना जेंबे आणू नकोस. कोंकोनीजवळ उभा राहा.”

मी खूप दुखावलो. चौदा वर्षं वाजवणाऱ्याला वाद्य न आणता ये म्हणणं म्हणजे काय, हे वाजवणाऱ्यांना सांगायला नको. पण आज सगळं प्रकरण पुन्हा तपासताना वाटतं, त्या पाच आठवड्यांत मला मिळालेली सगळ्यात नेमकी शिकवणी हीच होती.

आघाडीच्या वादकाच्या हातांवर नजर खिळणं साहजिक आहे. सगळ्यात झगमगतं तिथेच चाललेलं असतं. पण साथ शिकणाऱ्याला त्यातून फार थोडं मिळतं. आघाडीवाला एक गोष्ट सलग दोनदा क्वचित वाजवतो. बाई रिंगणात आली की तिच्या पावलांवर तो आपली वाक्यं बेततो, ती वेगात आली की घुमवत नेतो, तिने शेवट केला की तिच्याबरोबर थांबतो. ताल त्याच्या हातात असतो, पण उघडा नसतो. ताल उघडा दिसतो तो बाकीच्यांत, म्हणजे न बदलणाऱ्या साथीत, कोंकोनीच्या वाक्यात आणि नाचणाऱ्यांच्या पायांत.

वाद्याविना तीन लग्नं

पहिल्या लग्नात मला काही म्हणजे काहीच दिसलं नाही. पाय दिसत होते, पण पायांतून ताल वाचायचा कसा हे ठाऊक नव्हतं. ठोका कुठे पडतोय एवढं कळत होतं. मान्जानिनच्या एका आवर्तनात चार ठोके, प्रत्येक ठोक्याच्या पोटात तीन भाग, मिळून बारा. हे तर मला पुण्यातच माहीत होतं.

दुसऱ्या लग्नात मी रिंगणातल्या बाईला सोडून खुर्च्यांवर बसलेल्यांकडे पाहिलं. त्या टाळ्या देत होत्या, आणि त्यांच्या टाळीपेक्षा टाळीआधीची हालचाल मला बोलकी वाटली. हात वर जाऊन क्षणभर तरंगायचे, मग खाली यायचे. नाचणाऱ्यांतही तेच. पाय जमिनीवरून उचलला जायचा, हवेत किंचित रेंगाळायचा आणि मग टेकायचा. हे रेंगाळणं प्रत्येक ठोक्याच्या आधी होतं, नेमाने होतं, आणि एकाच वेळी पन्नास बायकांच्या अंगात होतं.

माझ्या साथीत रेंगाळायला जागाच नव्हती.

त्या रात्री मी आपल्या छोट्या कॅमेऱ्यावरचं चित्रण लॅपटॉपवर निम्म्या वेगाने लावलं. तोंडाने तिस्र म्हणायला लागलो: तकिट तकिट तकिट तकिट. ते बसेना. ‘त’ ठोक्यावर यायचा, पण ‘कि’ माझ्याआधीच येऊन गेलेला असायचा. ‘ट’ सुद्धा लवकर यायचा. आणि ‘ट’ नंतर पुढच्या ‘त’ पर्यंत श्वास घेण्याइतकी फट उरायची. म्हणजे ठोक्याचे तीन भाग सारखे नव्हतेच. पहिला आखूड, शेवटचा लांब. दुसरा आघात ठोक्याला बिलगून येतो, आणि तिसऱ्यानंतरच्या लांब भागात नाचणारीचा पाय हवेत असतो. मी बारा घरं समान वाजवत होतो. त्यामुळे माझा दुसरा आघात उशिरा पडत होता आणि तिसरा तिच्या श्वासात घुसत होता. तिला पाय तरंगत ठेवायला मी अवकाश ठेवला नव्हता. ती बसली ती रागाने नव्हे. माझ्या तालावर ते पाऊल पडतच नव्हतं.

हे कळल्यावर मला वाटलं, सुटलं प्रकरण. दुसऱ्या दिवशी मी ‘तकिटऽ तकिटऽ’ असं म्हणत पत्र्याच्या डब्यावर साथ वाजवून त्या पोराला ऐकवली. त्याने ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. आता मी उलटी चूक करत होतो. ‘ट’ नंतरचा अवग्रह मी चांगला मापून एका मात्रेचा धरला होता, त्यामुळे तिस्राचं चतस्र झालं: तीन आघात आणि चौथी मात्रा रिकामी. ऐकायला ते नीटनेटकं होतं आणि मान्जानिन अजिबात नव्हतं. तीन समान भागही नव्हेत आणि चारातले तीनही नव्हेत. खरी जागा या दोहोंच्या मधे होती, आणि तिथे पोचायला मापाची पट्टी उपयोगी पडत नव्हती.

तबल्याचं शिक्षण आडवं आलं ते इथे, आणि हे जरा सावकाश सांगितलं पाहिजे. माझे काही मित्र म्हणतात की आपलं संगीत गणिती आणि त्यांचं अंगातलं. मला हे मुळीच मान्य नाही. आपल्याकडेही ढोलकीवर खेमट्याच्या अंगाने ठेका लागतो तेव्हा त्यातले भाग समान नसतात. भजनी ठेका दहा पखवाजवादक दहा वजनांनी वाजवतात, आणि जाणकार डोळे मिटून वजनावरून वादक ओळखतात. आपण ‘वजन’ लिहीत नाही. बोल लिहितो आणि वजन गुरूच्या शेजारी बसून उचलतो. मी ते उचललंही होतं, पण तबल्यापुरतं. मान्जानिन मात्र मी आधी कागदावरून घेतला, म्हणजे वजन काढून घेतलेला ताल घेतला, आणि रिकाम्या जागी सवयीने समान तिस्र भरलं. आपल्याकडच्या एखाद्या परदेशी विद्यार्थ्याने दादरा पुस्तकातून शिकून यावा आणि ‘धा धिं ना धा तिं ना’ घड्याळाच्या काट्यासारखं वाजवावं, तसं ते होतं.

पावली

कोरोकेंच्या भावजयीने एका संध्याकाळी अंगणात मला उभं केलं. सोबत घरातल्या दोन मुली. मान्जानिन मुळात मुलींचाच नाच आहे. गिनीत त्याला मेंदियानी म्हणतात, आणि तिथे तो लहान वयाच्या मुली नाचतात. बामाकोच्या लग्नात मात्र कोणीही उठतं. त्या तिघींनी मला पाऊल दाखवलं. तोंडाने काही समजावलं नाही, फक्त समोर उभ्या राहून नाचत राहिल्या आणि मी चुकलो की माझ्या गुडघ्याला हात लावायच्या.

मला संकोच वाटत होता. त्याच वेळी काहीतरी ओळखीचं वाटू लागलं, आणि ते काय हे दुसऱ्या संध्याकाळी लक्षात आलं. लहानपणी आजोबांबरोबर आळंदीला दिंडीत गेलो होतो. वारकरी पावली खेळतात तेव्हा पखवाजवाला आपल्या हातांकडे बघत नाही, तो समोरच्या पावलांकडे बघतो, आणि पावलं वर असताना त्याची थाप कधी खाली येत नाही. मी सहा-सात वर्षांचा असताना हे पाहिलं होतं आणि त्यांच्यात नाचलोही होतो. म्हणजे पायांतून ताल घ्यायला मला कुणी नव्याने शिकवायचं नव्हतं. मधल्या वर्षांत वहीवर लिहून घ्यायची सवय लागली आणि ते मागे पडलं, एवढंच.

आठवडाभर रोज संध्याकाळी पाऊल टाकत टाकत मी पत्र्याच्या डब्यावर साथ वाजवली. पहिले तीन दिवस पाय बरोबर पडले की हात चुकायचे आणि हात सांभाळले की पाय. चौथ्या दिवशी एक गोष्ट झाली जी मला शब्दांत पूर्ण सांगता येत नाही. हाताचा तिसरा आघात पायाने ठरवायला सुरुवात केली. पाय उचलायच्या आधीच आघात आपोआप होऊन जायचा, कारण पाय वर असताना हात मारला तर तोलच जायचा. पट्टीने जी मधली जागा सापडत नव्हती, ती शरीराच्या तोलाने सापडली.

तो पोरगा जाता-येता थांबून ऐकायचा. तो स्वतः असाच तयार झाला होता. लहानपणी थोरल्या भावाचा जेंबे लग्नघरी वाहून न्यायचा, कातडं उतरलं की दोऱ्या ताणायच्या, मग वर्ष-दोन वर्षं नुसतं मागे उभं राहायचं. एखाद्या दुपारी साथीवाला पाणी प्यायला उठतो आणि याला म्हणतात, “धर.” त्या वेळी त्याला ताल शिकावा लागत नाही, तो नाचून, टाळ्या देऊन, पाहून कधीच आत गेलेला असतो. हातांना फक्त आवाज काढायचे असतात. माझा प्रवास नेमका उलटा झाला होता.

जे नंतर वाचलं

पुण्याला परतल्यावर मला राइनर पोलाक यांचं संशोधन वाचायला मिळालं. ते जर्मन संगीत-अभ्यासक आहेत. बामाकोतल्या वादकांकडे ते वर्षानुवर्षं शिकले, त्यांच्यासोबत लग्नांतही वाजवलं, आणि मग एकेका वादकाचं वाद्य वेगळं ध्वनिमुद्रित करून आघातांमधली अंतरं मोजली. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात मान्जानिनच आहे. ठोक्याचा पहिला भाग आखूड, मधला लवचीक, शेवटचा लांब, अशी त्याची घडण त्यांनी मांडली. ही विषमता एखाद्या वादकाची लकब नाही. आघाडी, साथ आणि दुनुन यांत ती सारखीच आहे, आणि वेग वाढला तरी सपाट होत नाही. म्हणून तिला तालावर वरून चढवलेली नक्षी समजू नका, ताल मुळात तसाच आहे, असं त्यांचं म्हणणं आहे.

तो निबंध वाचताना मला हायसं वाटलं, हे प्रामाणिकपणे सांगतो. कॅमेऱ्याच्या चित्रणावर अर्धवट ऐकलेलं खरं होतं. ‘मधला भाग लवचीक’ हे वाचून तर बामाकोतला एक गोंधळ सुटला: पोराची आणि त्याच्या भावाची साथ मला थोडी वेगळी ऐकू यायची, आणि तरी दोघांवरही बायका सारख्याच नाचायच्या. दोघांत फरक मधल्या भागाचा होता. टोकाचे भाग दोघेही जागेवर ठेवायचे.

पण एक गोष्ट ठामपणे वाटते. तो निबंध जाण्याआधी हाती आला असता तरी पहिल्या रविवारी मी असाच पडलो असतो. ‘आखूड-लवचीक-लांब’ हे मी ‘तकिटऽ’ सारखं पाठ केलं असतं, आणि पोराने तोंड वाकडंच केलं असतं.

कॅमेरा कुठे लावायचा

आता मी पुण्यात जेंबे शिकवतो. शिकायला येणाऱ्यांतल्या बहुतेकांनी मोबाइलवर बरेच व्हिडिओ पाहिलेले असतात आणि त्यातले बरेचसे सारखेच असतात: कॅमेरा वरून, फ्रेममध्ये वादकाचे दोन हात आणि कातडं. आवाज कसे काढायचे हे बघायला ते उत्तम आहेत. मी स्वतः पंजाचा कोन सुधारायला असे व्हिडिओ अजूनही लावतो. पण ताल त्यांच्यात नसतो, कारण तो जिथे दिसतो ते सगळं फ्रेमच्या बाहेर राहतं. ना नाचणारे, ना टाळ्या देणारे, बऱ्याचदा दुनुनही नाही. बामाकोत मी जे माझ्या डोळ्यांनी केलं, तेच इथे कॅमेरा करतो.

म्हणून मी मुलांना लग्नाचं किंवा गावातल्या समारंभाचं चित्रण शोधायला सांगतो, हलतं-डुलतं का असेना. त्यात वादक कोपऱ्यात दिसले तर उत्तमच. आधी आवाज बंद करून फक्त नाच बघायचा आणि पायांवरून टाळी द्यायची. मग आवाज सुरू करून आपली टाळी दुनुनशी जुळते का ते बघायचं. जेंबेकडे सगळ्यात शेवटी यायचं. चौकटी मी टाकून दिलेल्या नाहीत. क्रम लक्षात ठेवायला त्या लागतातच, फक्त त्या आता नाचून झाल्यावर हातात देतो. एका मुलीने मागच्या वर्षी चौकट पाहून विचारलं, “सर, ही घरं सारखी कशी? तिसरं घर मोठं हवं ना?” तिने मान्जानिनचं पाऊल तीन आठवडे केलं होतं. त्या दिवशी मला शिकवल्याचं समाधान मिळालं.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. बामाकोच्या पोराला बघायला दर रविवारी लग्न असतं आणि चुकलं तर नाचणारी बाई लगेच खाली बसते. पुण्यात तो न्याय करायला कोणी नाही. मी नाचणारे आणि वाजवणारे एकाच खोलीत ठेवतो, अदलाबदल करतो, पण नाचणारा शिकाऊ असेल तर तो चुकीच्या तालावरही नाचून जातो. सरावलेले पाय हवेत, आणि ते इथे तयार व्हायला वर्षं लागतील.

शेवटचा रविवार

फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी लाफियाबुगू वस्तीत लग्न होतं. दुपार कलल्यावर साथीवाला उठला. कोरोकेंनी माझ्याकडे न बघताच जेंबेकडे हनुवटी केली. मी पट्टा खांद्यावर घेतला. आधी दोन वेगळे ताल झाले, मग मान्जानिन लागला. सुरुवात संथ होती. मी समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईच्या हातांकडे बघत होतो. तिची टाळी वर गेली की माझा तिसरा आघात होऊन गेलेला असायचा. रिंगणात बाई आली, नाचली, दुसरी आली. बामाकोत ताल सुरू झाला की वेग चढतच जातो. पंधरा-वीस मिनिटांत हातांची कातडी सोलवटली, उजव्या तर्जनीतून रक्त यायला लागलं, पण रिंगण रिकामं झालं नाही. कोरोकेंनी मला शाबासकी दिली नाही. त्या संपूर्ण तालात त्यांनी माझ्याकडे एकदाही वळून पाहिलं नाही, ते शेवटपर्यंत पायांकडेच बघत होते.

त्या दिवसाचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे आणि मी ते वर्षातून एक-दोनदा ऐकतो. संथ आणि मध्य लयीत साथ जागेवर आहे. शेवटाकडे वेग अगदी टिपेला गेल्यावर मात्र माझे आघात हळूहळू समान व्हायला लागतात. श्वासाची फट बारीक होत जाते आणि सवयीचं तिस्र परत येतं. अगदी शेवटच्या मिनिटाला कोंकोनीची काठी पुन्हा जरा जोरात पडायला लागते. ती माझ्यासाठी आहे.